सापळ्यांचं झाड आणि चौथी ओळ

कोरलीला त्या दिवशी सकाळपासून घास गेला नव्हता. भूक नव्हती असं नाही, पण पोटात भुकेला जागा कुठे होती. संध्याकाळी सहा वाजता सॉल्टर्स कोव्हच्या धक्क्यावर नाताळचं झाड उजळायचं होतं, आणि यंदाचं झाड तिनं बांधलं होतं.

झाड म्हणजे खरंखुरं झाड नव्हे. फरचं झाड काय, नोव्हा स्कोशियात ज्याच्या त्याच्या परसात उभं असतं, त्याचं कौतुक कुणाला! इथे धक्क्यावर उभं राहतं ते शेवंडीच्या सापळ्यांचं झाड. तारेचे लांबट सापळे गोल मांडत एकावर एक रचायचे, खाली रुंद, वर निमुळतं, अकरा ओळी. फटींतून फरच्या फांद्या खोवायच्या, दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या आणि प्रत्येक बोटीनं, पाण्यातल्या सापळ्याची जागा दाखवायला तरंगत ठेवतात तो, आपल्या रंगाचा बोया लटकवायचा. सगळ्यात खालच्या ओळीला पांढरे बोये असतात. त्यांच्यावर नावं लिहिलेली असतात, समुद्रावर गेले आणि परत आले नाहीत त्यांची. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी पहाटे शेवंडीचा हंगाम उघडतो आणि बंदरातली एकूण एक बोट सापळे टाकायला सुटते. त्याच्या आधीच्या शुक्रवारी झाड उजळलं की नाताळही लागला आणि हंगामही. त्या दिवशी गाव शहाणं नसतं. दुकानं दुपारीच बंद होतात आणि म्हातारी माणसंसुद्धा चार वाजल्यापासून खुर्च्या आणून जागा धरतात.

झाड बांधायचा मान बंदरातल्या सगळ्यात नव्या तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा. यंदाचा नवा तांडेल म्हणजे कोरली, वय तेहेतीस, आणि बाई. सॉल्टर्स कोव्हमध्ये आजवर बाई तांडेल झाली नव्हती. तिच्या तोंडावर कुणी वाकडं बोललं नाही. हिबर्टची मुलगी, बापाच्या बोटीवर पंधरा वर्षं राबलेली, बोलणार तरी काय? पण बघत सगळे होते. आणि बघण्यासारखं समोर दुसरं काही नव्हतं, झाडच होतं.

तिची खरी अडचण वेगळी होती. सापळे टाकायच्या दिवशी बोटीवर तीन माणसं लागतात, तांडेल आणि दोन खलाशी. 'व्हर्ना मे'वर, म्हणजे कोरलीच्या बोटीवर, तिचा मावसभाऊ वेस्ली होता. दुसरा खलाशी मिळेना. टिल्टन नावाचा एक कसलेला गडी मोकळा होता, पण त्याचं डोकं शकुन-अपशकुनांनी भरलेलं. बोटीवर डुकराचं नाव काढलं की हा चिडणार, कुणी शीळ घातली की खाली उतरणार, कुणाच्या हातात राखाडी हातमोजे दिसले की धक्क्यावरूनच घरी. त्यानं कोरलीला सांगून ठेवलं होतं की आधी झाड बघतो, मग बोलू. टिल्टन आला नाही तर सोमवारी पहाटे सगळ्या बोटी सुटतील आणि 'व्हर्ना मे' एकटी धक्क्याला बांधलेली राहील. या एका विचारानं कोरलीची तीन रात्री झोप उडाली होती.

आणि बाप? बापाचं नाव काढू नका. हिबर्टनं बेचाळीस वर्षं ती बोट चालवली, आणि गेल्या वर्षी एका सकाळी बोटीच्या किल्ल्या नाश्त्याच्या बशीशेजारी ठेवून म्हणाला, घे, तुझी. का, ते सांगितलं नाही. निदान खलाशी म्हणून बरोबर या, असं तिनं दोनदा विनवलं, तर एका बोटीवर दोन तांडेल नकोत म्हणाला. त्या दिवसापासून तो बोलताना तिच्या तोंडाकडे बघेना. तिच्या कानामागे कुठेतरी, भिंतीवर, खिडकीवर नजर लावून बोलायचा. मी मुलगा असते तर ते असे वागले नसते, हे कोरलीनं मनाशी धरून ठेवलं होतं आणि ते वर्षभर कुसळासारखं सलत होतं.

तरी झाड मात्र देखणं उभं राहिलं होतं. पावणेपाचला अंधार पडला तेव्हा धक्क्यावर मुंगीला जागा नव्हती. शाळेचा बँड थंडीनं लाल झालेल्या बोटांनी वाद्यं जुळवत होता. मच्छीच्या सुपाचं मोठं पातेलं उघड्यावर चढलं होतं आणि कोरलीची आई, व्हर्ना, त्यात वल्ह्याएवढा डाव फिरवत होती. पोस्टमन लायनेल सांताक्लॉजचा झगा घालून बोटीतून यायचा होता, पण सुपाचा वास लागल्यामुळे वेळेआधीच येऊन पातेल्यापाशी उभा होता आणि पोरं ओळखू नयेत म्हणून दाढी तोंडावर धरून होता. सगळीकडे कलकलाट, हसणं, गरम श्वासांची वाफ.

शेवटचं एक काम राहिलं होतं. नव्या तांडेलाचा बोया झाडाच्या शेंड्यावर चढवायचा. ती क्रेनच्या पाळण्यात चढली, खालून टाळ्या पडल्या. पाळणा वर गेला. तिनं आपला पिवळा-निळा बोया शेंड्याला बांधला, दोर ओढून बघितला आणि सहज, आपलं काम वरून कसं दिसतं ते बघावं म्हणून, खाली नजर टाकली.

चौथी ओळ उलटी होती.

हे काय ते सांगायला हवं. शेवंडीच्या सापळ्यात दोन खोल्या असतात. पहिल्या खोलीत आमिष टांगलेलं, तिला सगळे स्वयंपाकघर म्हणतात. शेवंड तिथे खाऊन पुढे सरकते ती दुसऱ्या खोलीत, दिवाणखान्यात, आणि तिथे अडकते. झाड रचताना प्रत्येक सापळ्याचं स्वयंपाकघर पुढे आणि दिवाणखाना मागे ठेवायचा, आणि ओळ सूर्य फिरतो तशी फिरवत न्यायची. सॉल्टर्स कोव्हमध्ये सगळंच सूर्याच्या चालीनं चालतं. बोट धक्क्यावरून सुटताना तशीच वळते, दोराचं वेटोळं तसंच पडतं, व्हर्नाचा डावही पातेल्यात तसाच फिरतो. सूर्याच्या उलट रचलेल्या झाडाखालून हंगामाला जायचं म्हणजे मरणाला आवतण, असं इथलं लहान पोरही सांगेल. खालून फांद्यांमुळे काही कळत नव्हतं. वरून मात्र दहा ओळी एका दिशेनं धावत होत्या आणि वरून चौथी तेवढी उलटी.

ती ओळ कुणाची, हे ओळखायला तिला क्षणही लागला नाही. दुपारी ती सापळ्यांना लावायचे यंदाच्या परवान्याचे बिल्ले आणायला शहरात गेली होती. जाताना बापाला म्हणाली होती, एवढी ओळ तुम्ही बघाल का. सापळे एकमेकांना बांधणाऱ्या गाठी डावखुऱ्या होत्या. बंदरात डावखुरी गाठ मारणारा माणूस एकच.

पाळणा खाली यायला मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात कोरलीनं काय काय विचार केला ते तिलाच ठाऊक. कुणाला दिसलेलं नाही. दिवे लागले की दिसणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर टिल्टन गेला. सांगितलं तर बाप चार माणसांत उघडा पडणार. बेचाळीस वर्षं तांडेल होता तो, आणि तिनं का त्याची अब्रू घालवावी? आणि नाही सांगितलं तर? सोमवारी पहाटे चाळीस बोटी, एकेका बोटीवर सापळ्यांचे डोंगर, दोरात पाय अडकला की माणूस गेलाच. तिचा स्वतःचा उलट्यासुलट्यावर फारसा विश्वास नव्हता. पण एखाद्याला काही झालं तर पुढल्या वर्षी खालच्या ओळीत एक पांढरा बोया वाढणार आणि त्याच्याकडे तिला बघावं लागणार. ते तिच्यानं झालं नसतं.

पाळणा टेकला. ती तडक बँडच्या मास्तरांकडे गेली आणि त्यांच्या हातातला माइक घेतला.

"ऐका. वरून चौथी ओळ उलटी लागलीय. मी लावलीय. चूक माझी आहे."

बँड थांबला. इतका वेळ रडणारं कुणाचं तरी तान्हं पोरही त्याच वेळी गप्प झालं. पुढच्या रांगेत बर्नेल बसला होता, बंदरातला सगळ्यात जुना तांडेल, ज्याची जीभ गळापेक्षा धारदार. तो मान मागे टाकून वरून चौथी ओळ शोधू लागला. टिल्टननं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि गर्दीतून वाट काढत निघाला. एकदा उलटी गेली ती गेली, असं तो जाताजाता शेजारच्याला म्हणाला, ते कोरलीला स्वच्छ ऐकू आलं. गेला तिचा दुसरा खलाशी.

तेवढ्यात सुपाच्या पातेल्यामागून हिबर्ट पुढे आला. एका हातानं खुर्च्यांच्या पाठी चाचपत, हळूहळू. तो धक्का त्याच्या पायाखालचा, डोळे मिटून चालला असता; तरी हात लावत का चालतोय, हे कोरलीला कळेना.

"ती ओळ तिची नाही, माझी आहे," तो म्हणाला. माइक नव्हता, पण त्याचा आवाज वाऱ्यावर बोलून कमावलेला. "पहिला सापळा उलटा बसला, बाकीचे त्याच्या मागोमाग लावत गेलो. मला दिसलं नाही. वर्ष झालं, मला धड दिसत नाही."

व्हर्नानं पातेल्यातला डाव थांबवला. तिला माहीत होतं, हे तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. बाकी कुणालाही नव्हतं. सगळं बंदर आ वासून उभं.

मग बर्नेल खुर्चीवरून उठला. "अरे हिबर्ट, मला तर चाळीस वर्षं वाटत होतं की तुला दिसत नाही, तू सारखा माझ्या सापळ्यांवर सापळे टाकायचास." लोक खदखदून हसले, आणि हसले म्हणून सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. बर्नेल कोरलीकडे वळला. "काय गं पोरी, किती वाजले?"

"पाच वाजून पाच मिनिटं, बर्नेलकाका."

"मग बघत काय उभी आहेस? झाड तुझं आहे. हुकूम सोड."

आणि कोरलीनं हुकूम सोडले. आजवर हा आवाज आपल्यात आहे हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. माळा आधी सोडा, तोडू नका, सोडा. क्रेन उजवीकडून. पहिल्या तीन ओळींचे पंधरा सापळे उतरवायचे, मग चौथीचे नऊ. तरुण पोरांनी साखळी धरली, साखळीत बायका शिरल्या, बायकांत चर्चचे पाद्री शिरले, आणि सांताक्लॉज लायनेलनं दाढी खिशात कोंबून सापळे झेलायला सुरुवात केली. एका लहान मुलीनं ते बघितलं आणि आईला विचारलं की सांता पोस्टमनकाकांसारखा का दिसतो. आई म्हणाली, त्यांचा भाऊ आहे. मुलीला ते पटलं. बँडच्या मास्तरांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ढोल सुरू करवला, आणि ढोलाच्या ठेक्यावर माणसं हो... हो... हो... असं ओरडत सापळे हातोहात खाली आणू लागली. बर्नेल खुर्चीवर बसून सगळ्यांना नावं ठेवत होता. मधेच तो व्हर्नावर ओरडला की तुझं सूप तरी सुलटं ढवळलंस ना, आधी ते सांग. व्हर्नानं त्याच्याकडे डाव उगारला.

साडेपाचला चौथी ओळ मोकळी झाली. कोरली पाळण्यात चढली आणि बापाकडे बघून म्हणाली, "चला, गाठी तुम्ही मारा."

हिबर्ट चढला. वर तिनं पहिला सापळा ठेवला, बापाचा हात धरून स्वयंपाकघरावर टेकवला. त्यानं हातमोजा काढला, उघड्या बोटांनी जाळी चाचपली, मान हलवली आणि गाठ मारली. गाठ मारताना त्याला बघावं लागत नव्हतं. दुसरा सापळा, तिसरा. त्याचे हात असे चालले होते की कुणी म्हणावं या माणसाला काही झालेलंच नाही.

"सांगितलं का नाही बाबा?" तिनं खालच्या आवाजात विचारलं. "वर्षभर मला वाटतंय की बोट मुलीला द्यावी लागली म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात. माझ्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही."

हिबर्टचे हात थांबले. तो तिच्या कानामागे बघत म्हणाला, "नजरेच्या मधोमध डाग आहे गं. जिकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेचं तेवढं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं. कानाकडे बघितलं की तू दिसतेस."

कोरलीनं नाक पुसलं आणि पुढचा सापळा उचलला, कारण खालून बर्नेल ओरडत होता की वर काय सूप पीत बसलात काय. पण तिच्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं होतं आणि तिला हसायला येत होतं, रडायलाही येत होतं, दोन्ही एकदम. सगळं वर्ष हा माणूस माझ्याकडेच बघत होता, हे तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

सहाला पाच कमी असताना शेंड्यावर पिवळा-निळा बोया पुन्हा चढला. माळा गुंडाळून झाल्या तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्या दहा मिनिटांबद्दल कुणी ब्र काढला नाही. पाद्रीबुवांनी घामेजल्या कपाळानं पांढऱ्या बोयांवरची नावं वाचली. प्रत्येक नावाला कुणीतरी गर्दीतून "हजर" म्हणालं, जशी रीत आहे. हिबर्टच्या धाकट्या भावाचं नाव आलं तेव्हा हिबर्ट म्हणाला, हजर. मग सगळ्यांनी मिळून ख्रिस्तजन्माचं गाणं म्हटलं. कसंबसं, दम लागलेलं, पण इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या बेटावरची कुत्री भुंकायला लागली.

बटण लाकडी खोक्यावर होतं. दाबायचा मान झाड बांधणाऱ्याचा. कोरलीनं बापाला हाक मारली, त्याचा हात बटणावर ठेवला आणि वर आपला ठेवला. गर्दी दहापासून उलटं मोजायला लागली. हे तेवढं एक उलटं चालतं इथे. पाच, चार, पोरं उड्या मारायला लागली, तीन, दोन, एक.

झाड पेटून उठल्यासारखं उजळलं. खालपासून शेंड्यापर्यंत, अकराच्या अकरा ओळी, लाल, हिरवे, पिवळे, निळे, आणि खाली काळ्या पाण्यात तेच झाड पुन्हा एकदा, डोक्यावर उभं. बंदरातल्या चाळीस बोटींनी एकदम भोंगे दिले. कान फाटायची वेळ आली आणि कुणालाही ते थांबायला नको होतं. लायनेलनं दाढी लावून घंटा वाजवली. बर्नेल डोळे पुसत होता आणि विचारलं तर वाऱ्यानं पाणी आलं असं सांगत होता. वारा नव्हता.

हिबर्ट झाडाकडे पाठ नाही, पण तोंडही नाही, असा उभा होता. चर्चच्या अंधाऱ्या भिंतीकडे बघत होता आणि हसत होता. आता कोरलीला कळत होतं की तो काय बघतोय.

भोंगे शांत झाले तसा तो म्हणाला, "टिल्टन गेला ना?"

"गेला."

"आमिष भरायला डोळे लागत नाहीत," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षं भरलंय. हात ओळखतात." आणि ज्यानं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्या माणसानं विचारलं, "जागा आहे का?"

कोरलीनं त्याला नीट बघितलं, तांडेल नव्या गड्याला बघतो तसं.

"केबिनच्या आडोशाला बसायचं. आमिषाच्या पेटीपाशी. दोर सुटताना मी हाक मारली तर पाय वर, वाद नाही. सोमवारी पहाटे साडेचारला धक्क्यावर. उशीर झाला तर मी थांबणार नाही, सांगून ठेवते."

हिबर्टनं टोपी सारखी केली, तिच्या कानाकडे बघितलं आणि म्हणाला, "येतो, तांडेल."